निर्दुग्ध व्रताचे वाङ्मय

मराठी भाषेस दुधाचा किती लळा आहे हे पाहावयाचे असेल तर फार लांब जाण्याचे कारण नाही. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली जुन्या मराठी कवितेचे वेचे एकत्र करून प्रसिद्ध केले, तेव्हा त्या संग्रहास त्यांना नाव सुचले ते 'नवनीत'. नातवंडांस आपण दुधावरची साय म्हणतो. एकदा तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, आणि मनातील हेतू उघड करण्याचे धैर्य ज्यास नाही तो ताकाला जाऊन भांडे लपवतो. संतांच्या गौळणी आणि गोपाळकाला वगळला तर वारकरी संप्रदायाचा आनंदच उणा होईल. आणि ज्या मृदंगाच्या साथीने त्या गौळणी गाइल्या जातात त्याची दोन्ही तोंडे कातड्याने मढवलेली असतात. पूजेच्या पंचामृतात पाच पदार्थ. त्यांपैकी दूध, दही, तूप आणि मध हे चार प्राण्यांकडून आलेले. राहता राहिली साखर. अशा भाषेत वाढलेला, अशा पंगतीत जेवलेला एखादा तरुण जेव्हा म्हणू लागतो की, प्राण्यापासून आलेले काहीही आपण खाणार नाही, पांघरणार नाही, पायात घालणार नाही, तेव्हा तो केवळ ताटातील चार वाट्या बाजूस सारीत नसतो. तो आपल्या मातृभाषेच्या निम्म्या उपमांशी वैर धरीत असतो. हे धाडस लहान नव्हे. आणि म्हणूनच ते ज्या वाङ्मयातून बोलते त्याची परीक्षा करणे टीकाकाराचे काम ठरते.

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्लंडात १९४४ च्या नोव्हेंबर महिन्यात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे काही सहकारी यांनी एक मंडळ स्थापन केले. मांस सोडून दूध व अंडी चालू ठेवणारा शाकाहार त्यांना अर्धवट वाटत होता. 'व्हेजिटेरियन' ह्या शब्दाचा आरंभ व शेवट तेवढा ठेवून त्यांनी 'व्हीगन' हा शब्द घडवला. जणू काही शाकाहाराचा आरंभ जेथे झाला तेथून तो त्याच्या शेवटापर्यंत न्यावयाचा. मराठीत त्यास नाव नाही. 'पूर्ण शाकाहार' म्हणावे तर त्यात चामडे, लोकर, रेशीम येत नाही. 'निर्दुग्ध' म्हणावे तर मध सुटतो. आम्ही ह्या लेखास 'निर्दुग्ध' हेच नाव दिले आहे, ते एवढ्याचसाठी की आमच्याकडे मांस न खाणारी माणसे पुष्कळ असल्यामुळे खरी कसोटी लागते ती दुधापाशी.

पुढे त्या मंडळाने आपल्या जीवनपद्धतीची व्याख्या केली. अन्न, वस्त्र अथवा अन्य कोणत्याही कारणासाठी प्राण्यांचे शोषण व छळ टाळावयाचा, असा तिचा आशय. आणि तिला 'शक्य व व्यवहार्य असेल तेथवर' अशा अर्थाची एक पुस्ती जोडलेली आहे. व्रत घेणारे पहिले वाक्य मोठ्याने म्हणतात. व्रताची थट्टा करणारे पुस्तीकडे बोट दाखवून हसतात. आमच्या मते ह्या विषयाचे सारे मर्म त्या पुस्तीतच आहे. शक्य कोणास? व्यवहार्य कोणाच्या खर्चाने? आणि हे ठरवावयाचे कोणी? ज्या लेखनात ह्या तीन प्रश्नांची उत्तरे असतील ते लेखन ह्या विषयावरचे; बाकीचे पाककृतींचे, फार तर आरोग्याचे.

हा विचार आमच्या मनात घोळू लागला तो एका हस्तलिखितामुळे. गेल्या पावसाळ्यात काही दिवस आमचा मुक्काम कोयनानगरास होता. वडिलांची नोकरी कोयना प्रकल्पावर असल्यामुळे आमचे बालपण तेथील वसाहतीत गेले, आणि निवांतपणे वाचावयाचे झाले की आमचे पाय अद्यापि तिकडेच वळतात. तेथील पाऊस ज्याने पाहिला आहे त्यास घरात बसून वाचण्याखेरीज दुसरे काय करता येईल, असा प्रश्न पडणार नाही. अशा पावसात आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. तो पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरीस आहे. गाव पाटण तालुक्यातच, धरणाच्या खालच्या अंगास. वडील लवकर वारले. आईने दोन म्हशींच्या दुधावर त्याचे शिक्षण पुरे केले. हे आम्हांस पक्के ठाऊक आहे. कारण कॉलेजात असताना त्याची फी यावयाची ती डेअरीचे दहा दिवसांचे बिल निघाले म्हणजे.

त्याने चहा दुधावाचून घेतला आणि पिशवीतून चाळीस पानांचा एक लेख काढून आमच्यापुढे ठेवला. गेली तीन वर्षे आपण प्राणिजन्य वस्तू सोडल्या आहेत, त्याविषयीचा हा लेख आहे, सरांनी तो तपासावा, अशी त्याची विनंती. आम्ही तो रात्री वाचला. भाषा स्वच्छ होती, युक्तिवाद चोख होते, आकडे व्यवस्थित मांडले होते. दुभत्या जनावराने दूध द्यावे म्हणून त्याला वरचेवर गाभण राहावे लागते. जन्मणाऱ्या वासरांत निम्मे नर असतात. नराचा दूधधंद्यास उपयोग नाही. मग त्या नराचे पुढे काय होते, हा प्रश्न दुधाचा पेला तोंडास लावणारा कधी विचारीत नाही, असे त्याने लिहिले होते. ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या हत्येस बंदी आली, आणि २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. परंतु म्हैस आणि रेडा त्या पूर्ण बंदीत आले नाहीत. आमच्या घाटावरच्या चहात पडते ते दूध बहुतेक म्हशीचे. तेव्हा त्या रेडकाचे काय होते हे आम्ही जाणून आहोत, आणि जाणूनही चहा पीत आहोत. ताकाला जाऊन भांडे लपवणारे येथे आम्ही आहोत, आमचा विद्यार्थी नव्हे.

असे असूनही सकाळी आम्ही लेख त्याच्या हाती परत दिला. "ह्यात तुझ्या आईची म्हैस कोठे आहे?" एवढेच विचारले. तो काही बोलला नाही.

आमचा हा आक्षेप केवळ भावनेचा होता असे कोणी समजू नये. अलीकडे ह्या विषयावर मराठीत जे लेखन होते त्याचा हा सर्वसाधारण दोष आहे, आणि तो तीन प्रकारे दिसून येतो. पहिला प्रकार आरोग्याच्या आश्वासनाचा. हे सोडा म्हणजे अमुक रोग जाईल, ते सोडा म्हणजे कांती येईल. ज्या त्यागाचे मोल स्वतःच्या देहात व्याजासह परत मिळते त्यास त्याग का म्हणावे, हे आम्हांस कळत नाही. तो किफायतशीर सौदा होय. दुसरा प्रकार शुद्धतेचा. 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी आपल्या समाजात केवळ अन्नाविषयी बोलत नाही. पंक्तीस कोण बसेल आणि कोण बसणार नाही, हेही ती न लिहिता सांगते. नव्या व्रताचे लेखक ह्या जुन्या शब्दास उचलून घेतात आणि त्यासोबत काय उचलले गेले ह्याचा विचार करीत नाहीत. तिसरा प्रकार मौनाचा. बदामाचे दूध कोणास परवडते, कातड्याची वहाण सोडली तर ती शिवणाऱ्याने काय शिवावे, घोंगडी नको म्हटली तर मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराने कोठे जावे, ह्याविषयी अवाक्षर नाही. पहिल्या दोषाने लेखन हलके होते, दुसऱ्याने ते उद्धट होते. परंतु तिसऱ्याने ते असत्य होते, आणि हा दोष सर्वांत भारी.

जुन्या ग्रंथांत हे मौन नव्हते, हे विशेष. महाभारताच्या आदिपर्वातील उपमन्यूची कथा आपण शाळेत गुरुभक्तीची म्हणून शिकलो. ती पुन्हा वाचावी. धौम्य ऋषींनी उपमन्यूस गाई राखण्यास ठेवले. त्याची भिक्षा गुरूंनी काढून घेतली, तेव्हा तो गाईंचे दूध पिऊ लागला. माझ्या अनुज्ञेवाचून दूध घेणे तुला उचित नाही, असे गुरूंनी सांगितले. मग तो वासरांच्या तोंडून गळलेला फेस चाटून राहू लागला. तेथेही गुरूंनी त्यास अडवले. आणि त्या वेळी त्यांनी दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. ही वासरे गुणी आहेत, तुझी दया येऊन ती जास्त फेस गाळतात, तेव्हा तू त्यांच्या तोंडचा घास काढतोस, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. दूध मुळात वासराचे आहे, हा आजचा युक्तिवाद यापेक्षा अधिक हळुवारपणे कोठे मांडलेला आम्ही वाचलेला नाही. परंतु कथा येथे थांबत नाही. सर्व वाटा बंद झाल्यावर भुकेला उपमन्यू रुईची पाने खातो, आंधळा होतो आणि विहिरीत पडतो. केवळ वनस्पतीवर राहण्याचा पहिला प्रयोग आपल्या वाङ्मयात अशा रीतीने विहिरीच्या तळाशी संपतो! पुढे अश्विनीकुमारांच्या कृपेने त्यास दृष्टी मिळते, हा भाग निराळा. ग्रंथकाराने वासराची भूकही लपवली नाही आणि मुलाची भूकही लपवली नाही, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे.

त्याच आदिपर्वात दुधाची दुसरी एक गोष्ट आहे. धनिकांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. सवंगड्यांनी त्यास पाण्यात कालवलेले पीठ दिले, आणि आपणही दूध प्यालो म्हणून तो आनंदाने नाचू लागला. ते पाहून लोक हसले. द्रोणाचार्यांच्या काळजास ते हसणे लागले आणि ते द्रुपदाच्या दारी गेले. त्या भेटीतील अपमानातून काय काय उद्भवले हे वाचकांस सांगावयास नको. वनस्पतीपासून केलेले दूध आज मोठ्या शहरांतील दुकानांत चढ्या भावाने विकले जाते. आपल्या महाकाव्यात ते दारिद्र्याचे चिन्ह म्हणून आले आहे. एकच पेला, परंतु एकाने तो निवडून घेतला आणि दुसऱ्यास तो नाइलाजाने मिळाला. हा भेद ज्या लेखकाच्या ध्यानात नाही त्याने व्रताचा उपदेश करू नये.

शांतिपर्वातील तुलाधार नावाचा वाणी जाजली ऋषीस धर्म सांगताना बैलांचे खच्चीकरण करणाऱ्यांचा व नाके टोचून त्यांस वेसण घालणाऱ्यांचा धिक्कार करतो; नांगराने जमिनीतील जीव मरतात म्हणून शेतीसही तो निर्दोष मानीत नाही. वनपर्वातील धर्मव्याध तर मांस विकणाराच. तो कौशिक ब्राह्मणास सांगतो की, नांगरणाऱ्याच्या हातून जीव मरतात, चालणाऱ्याच्या पायाखाली जीव मरतात, धान्याच्या बीजातही जीव आहे. सर्वस्वी अहिंसक असा कोणी नाही. मात्र जो यत्न करतो त्याची हिंसा कमी होते. इंग्लंडातील मंडळाने व्याख्येस जोडलेली पुस्ती ती हीच. फरक एवढा की, महाभारतकाराने ती सोय म्हणून सांगितलेली नाही. ती त्याने एका खाटकाच्या तोंडी घातली आहे. म्हणजे जो ह्या हिशेबात सर्वांत अधिक देणे लागतो त्यालाच बोलावयास लावले आहे.

आता अर्वाचीन काळाकडे वळू. ह्या व्रताविषयी आपल्या देशात लिहिल्या गेलेल्या गद्यात सर्वश्रेष्ठ स्थान कोणत्या मजकुरास द्यावे असे कोणी विचारल्यास, आम्ही महात्मा गांधींच्या आत्मकथेतील १९१८-१९ च्या आजारपणाच्या प्रकरणांकडे बोट दाखवू. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर १९१२ साली त्यांनी कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. कारणे दोन होती: दुधाने विकार प्रबळ होतात ही रायचंदभाईंशी झालेल्या बोलण्यातून पटलेली गोष्ट, आणि कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे दूध काढताना त्यांचे जे हाल करतात त्यांविषयी वाचनात आलेला मजकूर. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडत असताना १९१८ साली त्यांना आमांशाने गाठले. देह अस्थिपंजर झाला. हवापालटासाठी माथेरानास नेले. तेथील पाणी मानवले नाही. मुंबईस डॉक्टर दलाल यांनी तपासून सांगितले की, दूध घेतल्यावाचून हे शरीर पुन्हा उभे राहावयाचे नाही. गांधीजींनी व्रताची अडचण सांगितली. तेव्हा जवळ असलेल्या कस्तुरबांनी सुचवले की, व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती. मग बकरीच्या दुधास हरकत कसली? आणि गांधीजींनी बकरीचे दूध घेतले. रौलट बिलांविरुद्ध लढा उभा करावयाचा होता, आणि त्यासाठी जगण्याची इच्छा होती.

येथपर्यंत ही हकीकत कोणत्याही आजाऱ्याची असू शकेल. ती वाङ्मय होते ते पुढील दोन परिच्छेदांत. आपण व्रताचे अक्षर पाळले आणि त्याचा आत्मा मारला, असे ते लिहितात. व्रत घेताना मनात दोनच जनावरे होती हे खरे. पण दूध म्हणजे सर्व प्राण्यांचे दूध, हाच त्याचा अर्थ होता, हे ते स्वतःच्या विरुद्ध मांडतात. बकरीचे दूध आपणांस खुपते ते अहिंसेच्या दृष्टीने तितके नव्हे. ते खुपते सत्याच्या दृष्टीने, कारण ही प्रतिज्ञेची हानी आहे, असे ते म्हणतात. आणि सेवा करण्याची इच्छा हा आपला सर्वांत सूक्ष्म मोह, तो सुटत नाही म्हणून दूध सुटत नाही, असा कबुलीजबाब देतात. आपल्या सद्गुणासच मोह म्हणून ओळखण्याचे हे धैर्य आजच्या एकाही व्रतविषयक लेखात आम्हांस आढळले नाही. त्यांत व्रत साधलेले असते. येथे ते मोडले आहे. आणि मोडलेल्या व्रताच्या ह्या टाचणात साधलेल्या व्रतांच्या अनेक पोथ्यांपेक्षा व्रताचे स्वरूप अधिक कळते.

ह्यावर असे म्हटले जाईल की, दुधावाचून गांधीजींचे चालले नाही, यावरून व्रत अशक्य आहे हेच सिद्ध होते. तसे नाही. १९४२ साली पुण्यास आगाखान राजवाड्यात बंदिवासात असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले त्यातही ते म्हणतात की, दुधाची जागा घेईल असे काही तरी वनस्पतिसृष्टीत असलेच पाहिजे. ते अद्याप आपणांस सापडलेले नाही. ज्या वर्षी त्यांची हत्या झाली त्याच १९४८ साली शास्त्रज्ञांनी बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढले. ते वनस्पतीत भरवशाने मिळत नाही. सूक्ष्म जंतू ते तयार करतात, आणि त्यांच्या साहाय्याने आज ते कारखान्यांत तयार होऊन गोळीच्या रूपाने मिळते. आमांशाने खंगलेल्या देहास केवळ ह्या एका गोळीने उभे केले असते असे आमचे म्हणणे नाही. परंतु दूध व मांस दोन्ही वर्ज्य करणारास जी उणीव सर्वांत हमखास भोवते ती आता भरून काढता येते, एवढे खरे. १९१२ साली जे व्रत अंधारात उडी होती ते आज, गोळी विकत घेण्याची ऐपत आणि ती घेतली पाहिजे ही माहिती ज्यास आहे त्यास, शक्य आहे. म्हणजे पुस्तीतील 'शक्य' हा शब्द काळानुसार सरकतो; आणि तो जसजसा पुढे सरकतो तसतशी आमच्यासारख्या दूध पिणाऱ्यांची सबब लहान होत जाते. हेही हिशेबात लिहिले पाहिजे.

दुधाविषयी इतके झाले. कातड्याचा प्रश्न महाराष्ट्रात याहून अवघड आहे, कारण येथे तो जनावराचा राहत नाही, माणसाचा होतो. मेलेले ढोर ओढून नेणे हे ज्या महार समाजावर गावाने वतन म्हणून लादले होते, त्या समाजास मृत मांस खाण्याचे सोडून द्या, असे डॉक्टर आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत निक्षून सांगितले. हा त्याग प्राण्याच्या कणवेने सांगितलेला नव्हता. तो माणसाच्या मानासाठी होता. दूध सोडणारा आपल्या हातात असलेले सोडतो. महाडास जे सोडावयाचे होते ते दुसऱ्यांनी टाकलेले होते. ह्या दोन त्यागांची जात एक नव्हे. वर्ध्याजवळ नालवाडीस गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय चालले, तेथे मारलेल्या नव्हे तर मेलेल्या जनावरांचेच कातडे कमावीत. आणि ज्या आत्मकथेचा आम्ही वर गौरव केला तिचे मराठी भाषांतर करणारे सीताराम पुरुषोत्तम, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, हे एके काळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेण्यासाठी त्यांनी १९३२ साली अन्नत्याग केला, आणि १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे काम सवर्णांनीही अंगावर घ्यावे ह्याचा आग्रह धरला. कातडे वर्ज्य करणारा मनुष्य आपले हात त्यापासून दूर ठेवतो. अप्पासाहेबांनी आपले हात त्यात घातले. दोघांपैकी अहिंसेच्या अधिक जवळ कोण, ह्याचा निवाडा करण्याची आमची योग्यता नाही. परंतु गावात ढोर मेल्यावर ते कोणी उचलावे, ह्या प्रश्नास निर्दुग्ध व्रताच्या वाङ्मयाने उत्तर दिले पाहिजे. कापडी जोडे घालून तो प्रश्न ओलांडून जाता येत नाही.

आणि कोयनेच्या खोऱ्यात तर ओलांडावयाचे बरेच आहे. ह्या डोंगरांच्या माथ्यांवर गवळी धनगरांच्या वस्त्या आहेत. म्हशी राखावयाच्या आणि दूधतूप विकावयाचे, हा त्यांचा पिढीजात व्यवहार. १९६० नंतरच्या वर्षांत शिवसागर भरला आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले. २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. धरणाने वीज दिली, अभयारण्याने अरण्य राखले. दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या असे आम्ही मानतो. परंतु प्रत्येक वेळी ज्यांची कुरणे व वाटा आखडल्या ते बहुधा तेच ते लोक होते, आणि त्यांस कोणी विचारून केले नाही. वाघासाठी म्हैस मागे हटली. आता दयेसाठीही तिनेच मागे हटावयाचे आहे. दया खरी असेल, तर तिने मागे हटणाऱ्याच्या घरी जाऊन बसले पाहिजे.

आमचा विद्यार्थी त्या सकाळी लेख घेऊन आपल्या गावी गेला. आम्हीही दोन दिवसांनी पाऊस उघडला तेव्हा त्याच्या घरी जाऊन आलो. आईने आमच्यापुढे दुधाचा चहा ठेवला आणि मुलापुढे काळा. तिच्या मनात राग दिसला नाही, कोडे दिसले. "त्याला नको तर नको म्हणावं, सर," ती म्हणाली, "पर म्हस सांजच्याला पान्हवती, तिला काय सांगू?" मुलाने खाली पाहिले. तीन वर्षे तो पुण्यास ह्या विषयावर बोलत होता. परंतु हा प्रश्न त्यास विचारणारे कोणी तेथे नव्हते.

दिवाळीच्या सुमारास दुसरे हस्तलिखित आले. चाळीस पानांची एकोणीस झाली होती. आरोग्याचा भाग गळाला होता. 'शुद्ध' हा शब्द कोठे नव्हता. रेडकाचा मुद्दा होता तसाच होता, आणि तो असावयासच पाहिजे होता. नवे होते ते शेवटचे पान. त्याच्या घरी दोन म्हशी आहेत. एक म्हातारी झाली आहे, तिचे दूध आटले आहे. दुसरीचे अद्याप चालू आहे. हे दूध आटल्यावर तिला पुन्हा गाभण राहू द्यावयाचे नाही, दोघींना मरेपर्यंत दावणीस ठेवावयाचे, आणि डेअरीच्या बिलाइतके पैसे त्याने दर दहा दिवसांनी आईस पाठवावयाचे, असे ठरले आहे. आईने एक अट घातली: महिन्यातून दोन दिवस त्याने स्वतः येऊन गोठ्यातील शेण काढावे. ती त्याने मान्य केली आहे. पानाच्या खाली त्याने रकाने आखले आहेत: वैरण इतकी, पेंड इतकी, डॉक्टर इतका. ह्या सर्वांपुढे आकडे आहेत. पहाटे उठून धार काढण्याची आणि दोन वेळा डेअरीवर जाण्याची चाळीस वर्षांची सवय सुटल्यावर आईने दिवस कसा घालवावा, ह्याचा एक रकाना आहे, आणि त्यापुढे काही लिहिलेले नाही.

लेख प्रसिद्ध करण्याजोगा झाला आहे, असे आम्ही त्यास कळवले. आणि तो रकाना भरण्याची घाई करू नये, छापतानाही कोराच राहू द्यावा, अशी सूचना केली.